स्तनात गाठ आणि रिपोर्टात रक्ताचा कॅन्सर, हे कसं काय? (बेळगाव-खानापूर भाग)

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातून लिहितेय. वहिनीबद्दल विचारायचंय. वय ३१, धाकटं पोर अजून अंगावर पितंय. गणपतीच्या सुमारास उजव्या स्तनात गाठ लागली, दुखत नव्हती, म्हणून घरातल्या बायका म्हणाल्या दुधाची असंल, शेक दे, पोराला त्या बाजूला जास्त पाज. तसं केलं पण गाठ वाढतच गेली आणि दिवाळीपर्यंत डाव्या बाजूलाही एक बारकी लागली. मग बेळगावला दाखवलं, सोनोग्राफीत बायरॅड्स ४ आलं, सुई घालून एफएनएसी केली त्यात घातक पेशी आहेत, कॅन्सरची दाट शंका, एवढंच लिहिलं होतं. सर्जन म्हणाले स्तन काढायला लागेल, ऑपरेशनची तारीख पण दिली. मधेच ओळखीच्या एका डॉक्टर मॅडमनी सांगितलं की कोअर बायोप्सी (जाड सुईनं तुकडा काढणं) आणि आयएचसी (त्या तुकड्याला खास रंग लावून पेशी कुठल्या ते ओळखणं) झाल्याशिवाय ऑपरेशनला हात लावू देऊ नका, म्हणून ती केली आणि परवा रिपोर्ट आला. ब्रेस्ट कॅन्सर नाहीच म्हणे! "मायलॉइड सार्कोमा" लिहिलंय आणि खाली अ‍ॅक्युट मायलॉइड ल्युकेमियासाठी बोनमॅरो तपासा म्हणून शेरा.

घरात कुणाचाच विश्वास बसंना झालाय. सीबीसी केलेलं आहे की, हिमोग्लोबिन १०.८, पांढऱ्या पेशी ७,२००, प्लेटलेट १ लाख ९० हजार. रक्त चांगलं असताना रक्ताचा कॅन्सर छातीत कसा येईल ओ? भाऊ म्हणतोय लॅबवाल्यांनी कुणाचा तरी तुकडा बदलला. बाबा म्हणतात तारीख मिळालीय तर ऑपरेशन करून मोकळे व्हा, नंतर बघू. वहिनी काहीच बोलत नाही, नुसती पोराला घेऊन बसलेली असते. कुणाला यातलं माहीत असेल तर सांगा की ओ, लवकर.

शहापूर_पेठ
ताई पहिलं काम, ऑपरेशनची तारीख पुढं ढकला. आजच फोन करा. बाकीचं नंतर वाचा.

सूक्ष्मदर्शी
मी पॅथॉलॉजीत काम करतो, आयुष्य काचेच्या स्लाइड बघण्यात गेलं, म्हणून जरा लांब लिहितो. रिपोर्ट समोर नाही त्यामुळं वहिनींच्या केसबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण हा आजार खरा आहे, आणि तुकडा बदलला असेल असं मानण्याआधी हे वाचा.

ल्युकेमियाच्या पेशी हाडातल्या मगजात म्हणजे बोनमॅरोत तयार होतात आणि बहुतेक वेळा रक्तात उतरतात, म्हणून सीबीसी बिघडतो. पण काही लोकांत याच कच्च्या पेशी, ज्यांना आम्ही ब्लास्ट म्हणतो, मॅरोच्या बाहेर कुठंतरी जाऊन मुक्काम करतात आणि तिथं घट्ट गाठ धरतात. त्वचेत, हिरड्यांत, लिम्फच्या गाठींत, डोळ्याच्या खोबणीत, मणक्याजवळ, आणि क्वचित स्तनातसुद्धा. तीच मायलॉइड सार्कोमा. १८११ साली बर्न्स नावाच्या डॉक्टरनं अशी गाठ पहिल्यांदा नोंदवली आणि १८५३ मध्ये किंग यांनी तिला क्लोरोमा नाव दिलं, कारण काही गाठी कापल्यावर हिरवट दिसायच्या. तो हिरवा रंग मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइममुळं येतो. तुमच्या रिपोर्टात "एमपीओ पॉझिटिव्ह" असं असणार, ते हेच एन्झाइम, रंग देऊन पकडलेलं.

गाठ आधी आणि रक्त नंतर असं होऊ शकतं. सीबीसी पूर्ण नॉर्मल असताना, कधी बोनमॅरोसुद्धा स्वच्छ असताना फक्त गाठ दिसते. आणि नुसती गाठ म्हणून तशीच सोडली किंवा फक्त कापून टाकली तर बहुतेक पेशंटमध्ये काही महिन्यांत पूर्ण ल्युकेमिया उभा राहतो. म्हणून जगभर नियम असा की मॅरो कसाही असो, मायलॉइड सार्कोमा सापडला म्हणजे तो अ‍ॅक्युट मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे एएमएलच समजायचा आणि एएमएलची पूर्ण केमो द्यायची. स्तन काढून या आजाराला काही फरक पडत नाही. उलट ऑपरेशनची जखम भरेपर्यंत केमो लांबते आणि इथं तो वेळ फार महाग आहे.

मलप्रभाकाठ
वाचून दाखवलं घरात. भाऊ विचारतोय, मग एफएनएसीत का नाही कळलं? आणि सोनोग्राफीवाल्याला?

सूक्ष्मदर्शी
सोनोग्राफीत ही गाठ काळसर दिसते, मॅमोग्राममध्ये दिसली तर बहुतेक वेळा चुन्याचे कण नसतात, पण एवढ्यावरून वेगळं काढता येत नाही. बायरॅड्स ४ म्हणजे तुकडा घेऊन बघा एवढाच त्याचा अर्थ. रेडिऑलॉजिस्टनं बरोबरच सांगितलं.

एफएनएसीत सुट्ट्या पेशी येतात. मोठं केंद्रक, थोडा द्रव, एकेकट्या पडलेल्या. लिम्फोमाच्या (लिम्फ पेशींचा कॅन्सर) तशाच, काही लोब्युलर ब्रेस्ट कॅन्सरच्याही जवळपास तशाच. लोब्युलर कॅन्सरमध्ये पेशी तंतूंच्या मधून एका रांगेत चालल्यासारख्या दिसतात आणि ल्युकेमियाच्या पेशीही स्तनात नेमक्या तशाच रांगेनं घुसतात. अनुभवी डोळ्याला पण नुसत्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर फसायला होतं. म्हणून आयएचसी.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते लिहितो. आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी खर्च वाचवायला फक्त ईआर, पीआर आणि हर-टू (स्तनाच्या कॅन्सरला कुठलं औषध चालेल ते सांगणाऱ्या) एवढ्या तीनच टेस्ट लावतात. ल्युकेमियाच्या गाठीत या तिन्ही निगेटिव्ह येणार, कारण त्या पेशींचा स्तनाशी संबंधच नाही. आणि कुणी घाईत असेल तर त्याचं लेबल होतं "ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर". पेशंट तरुण, गाठ झपाट्यानं वाढलेली, सगळं त्या चित्रात बसतं! मग स्तन जातो, भलतीच केमो सुरू होते आणि काही महिन्यांनी रक्तात ब्लास्ट दिसतात. ट्रिपल निगेटिव्ह म्हणायच्या आधी ती गाठ मुळात कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, स्तनाचा नेहमीचा तोच) आहे हे सिद्ध व्हायला पाहिजे आणि त्यासाठी सायटोकेरॅटिन (अशा पेशींची खूण दाखवणारी टेस्ट) पॉझिटिव्ह पाहिजे. सायटोकेरॅटिन निगेटिव्ह असेल तर थांबा, सीडी४५ (रक्ताच्या पेशींची खूण) लावा, लिम्फोमासाठी सीडी२० आणि सीडी३, मायलॉइडसाठी एमपीओ, सीडी११७, सीडी३४, सीडी६८, लायसोझाइम, आणि लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया वगळायला टीडीटी. हा लिम्फोब्लास्टिक म्हणजे एएलएल पण स्तनात गाठ करू शकतो आणि त्याची औषधं एकदम वेगळी, त्यामुळं नुसतं "ल्युकेमिया" एवढं उत्तर पुरत नाही, कुठला ते पाहिजे. तुमच्या त्या डॉक्टर मॅडमनी फार मोठं काम केलंय.

चिकोडीची_सून
वाचून अंगावर काटा आला. माझ्या मावसबहिणीला दोन्हीकडं गाठी होत्या, त्या फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाल्या, बिनधोक. म्हणजे सगळ्यांनी घाबरायचं का आता?

सूक्ष्मदर्शी
अजिबात नाही. तरुण बायकांच्या स्तनातल्या बहुतेक गाठी साध्याच असतात, आणि ज्या घातक निघतात त्यातही जवळपास सगळ्या स्तनाच्याच कॅन्सरच्या. मायलॉइड सार्कोमा अतिशय दुर्मीळ. लक्षात ठेवायचं ते इतकंच की गाठ पटापट वाढली, दोन्ही बाजूंना किंवा एकापेक्षा जास्त आल्या, सोबत ताप, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्या सुजणं, पाळीत भरपूर जाणं असं काही असलं तर सोबत रक्ताची स्लाइड माणसाच्या डोळ्यानं बघून घ्या. मशीनच्या सीबीसीत थोडे ब्लास्ट असले तर ते मोनोसाइट किंवा लिम्फोसाइटमध्ये मोजले जाऊ शकतात. पेरिफेरल स्मिअर म्हणतात त्याला, स्वस्त टेस्ट आहे.

घटप्रभा_काठावरून
माझं मत जरा वेगळं. आमच्या ओळखीत एका बाईंना गाठ होती, त्या तिकडं शिमोग्याकडं जडीबुटी देतात तिथं गेल्या आणि बऱ्या झाल्या. केमोनं माणूस खचतो. एकदा तिथं दाखवायला काय हरकत आहे.

निपाणीकर
हरकत आहे दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या बाईंची गाठ कसली होती ते तुम्हाला ठाऊक आहे का? तुकडा तपासला होता का? आमच्या आईला एएमएल झाला तेव्हा आम्हाला पण असे सल्ले रोज यायचे. आई विडी कारखान्यात आयुष्यभर राबली, तिच्यासारख्या बाया डॉक्टरवर लवकर विश्वास टाकत नाहीत, तिनं पण पाला खाऊन बघितला आणि त्या काळात पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या. हा आजार आठवड्यांच्या हिशोबानं चालतो, वाट बघत नाही.

ताई तुमच्यासाठी अजून एक सांगतो. आईचं पुढं ट्रान्सप्लांट झालं, मामांची मॅरो जुळली, सगळं छान चाललं होतं, मॅरोचे रिपोर्ट स्वच्छ. आणि मग तिला स्तनातच गाठ लागली. आम्हाला वाटलं आता हा दुसरा कॅन्सर. पण आमच्या हिमॅटॉलॉजिस्टनी (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) ऐकताच सांगितलं की आधी एएमएल झालेल्या बाईच्या गाठीत पहिला संशय एएमएलचाच घ्यायचा, मॅरो स्वच्छ असली तरी. तुकड्यात तेच निघालं. म्हणजे हा आजार उलट्या दिशेनं पण येतो, आधी रक्त आणि मग गाठ. म्हणून बायोप्सी करणाऱ्याला जुना इतिहास नक्की सांगायचा, फॉर्मवर लिहायला लावायचा.

मलप्रभाकाठ
दादा, आई आता?

निपाणीकर
गेली. दोन वर्षं जास्त जगली त्या ट्रान्सप्लांटमुळं, नातवाचं बारसं तिनं केलं. तुमच्या वहिनी तरुण आहेत आणि आजार पहिल्यांदाच धरलाय, त्यांची गोष्ट आमच्या आईसारखी नाही. लगेच हिमॅटॉलॉजिस्टकडं जा.

हुक्केरी_अक्का
बाई ग, मी नर्स होते, आता रिटायर. बोनमॅरोला घाबरू नका म्हणावं वहिनीला. कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, जागा बधिर करतात, ओढताना क्षणभर जोराची कळ येते, मग संपतं. त्याच वेळी फ्लो सायटोमेट्री (पेशी मशीननं ओळखायची टेस्ट), कॅरिओटाइप (क्रोमोझोमची टेस्ट) आणि जनुकांच्या टेस्ट, एनपीएम१, एफएलटी३, केआयटी, सगळ्याला नमुना द्यायला सांगा म्हणजे परत टोचायला नको. केमोच्या आधी टूडी इको होणार, हृदय बघायला. आणि पोराचं दूध आता हळूहळू वरचं सुरू करा, केमो चालू असताना अंगावर पाजता येत नाही. दुधातून पोराला कॅन्सर लागतो का असं ती मनात धरून बसली असेल, बायका बोलत नाहीत पण तेच धरून बसतात. तसं लागत नाही, तिला कुणीतरी तोंडानं सांगा हे. आणि अजून मूल हवं असेल तर केमोच्या आधीच डॉक्टरना विचारा, लाजू नका.

मलप्रभाकाठ
अक्का तुम्हाला कसं कळलं हो. काल रात्री मी तिच्याजवळ बसून हेच सांगितलं आणि ती पहिल्यांदा रडली. मग म्हणाली मला वाटत होतं मी पोराला विष पाजूलाले. आता बोलायला लागली आहे, स्वतःच विचारते मॅरो कधी करायची.

ऑपरेशन रद्द केलं. कुठं न्यावं यावर घरात दोन तट आहेत. भाऊ म्हणतो बेंगळुरू, बाबा म्हणतात मुंबई, आपली भाषा तरी कळेल. पैशाचं पण बघायला पाहिजे.

शहापूर_पेठ
बेंगळुरूला किदवई, रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बसलात की सकाळी तिथं. मुंबईला परळचं टाटा मेमोरियल. दोन्ही मोठी, दोन्हीकडं गर्दी. बेळगावात पण केएलईचं वेगळं कॅन्सर हॉस्पिटल जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालंय, तिथं आधी हिमॅटॉलॉजीचं विचारा. एएमएलची पहिली केमो म्हणजे महिनाभर वॉर्डात, रोज रक्त आणि प्लेटलेट, घरचं माणूस जवळ पाहिजे. लहान पोर आहे म्हणता, घराजवळ होत असेल तर विचार करा.

पैशाचं, बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के. सरकारी दवाखान्यातून रेफरल लागतं, ते आधी काढा, नाहीतर काउंटरवर अडकता. आणि महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली, त्यात तुमचं गाव आहे का ते बघा. हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो त्यालाच दोन्हीचं विचारा, आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आधी विचारा. राजकारण राहू दे बाजूला, जिथनं पैसे मिळतील तिथनं घ्या.

सूक्ष्मदर्शी
कुठंही जा, जाताना फक्त कागद नेऊ नका. मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही लॅबमधून मागून घ्या. पेशंटनं मागितले की देतात, सही करून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा बघतात आणि त्याच ब्लॉकवर राहिलेल्या टेस्ट लावता येतात. भावाला जी शंका आहे तुकडा बदलल्याची, तीही दुसऱ्या नजरेनं फिटेल. आणि दुसऱ्या बाजूच्या गाठीचा तुकडा घेणार असतील तर थोडा भाग फॉर्मेलिनमध्ये न टाकता ताजा, सलाइनमध्ये, लगेच लॅबला पाठवा म्हणावं. फ्लो सायटोमेट्रीला जिवंत पेशी लागतात, फॉर्मेलिनमध्ये गेल्या की ती टेस्ट होत नाही.

मलप्रभाकाठ
उशिरा लिहितेय, माफ करा, पळापळ चालू होती. मॅरो झाली. ब्लास्ट ८ टक्के. इथल्या एका डॉक्टरनी सांगितलं २० टक्क्यांच्या वर असेल तरच एएमएल, मग भाऊ लगेच म्हणाला बघा, नाहीच. पण हिमॅटॉलॉजिस्ट म्हणतात आहेच, आठ आणि एकवीस नंबरच्या क्रोमोझोमची अदलाबदल सापडलीय. पेट-सीटीत दोन्ही स्तन आणि काखेतली एक गाठ उजळली. कुणाचं खरं धरायचं?

सूक्ष्मदर्शी
हिमॅटॉलॉजिस्टचं. २० टक्क्यांची रेघ आहे, पण आठ-एकवीस ट्रान्सलोकेशन, म्हणजे हीच अदलाबदल, सापडलं की ब्लास्ट त्याहून कमी असले तरी एएमएल म्हणतात. शिवाय गाठीत मायलॉइड सार्कोमा सिद्ध झालेला आहे, तेवढं एकटंच पुरे होतं. आठ-एकवीसमध्ये अशा बाहेरच्या गाठी दिसतात हेही माहीत असलेलं आहे, म्हणजे तुकडा आणि मॅरो एकाच आजाराकडं बोट दाखवतायत. तुकडा बदलला नव्हता हे आता भावाला सांगा.

आणि यात एक चांगली गोष्ट आहे, उगीच धीर द्यायला म्हणत नाही. एएमएलमध्ये हे ट्रान्सलोकेशन केमोला चांगली दाद देणाऱ्या गटात मोडतं. स्तनात गाठी असल्यामुळं डॉक्टर जास्त सावध राहतील, केआयटीचा रिपोर्ट बघतील, पण औषध लागू पडायची आशा खरी आहे.

मलप्रभाकाठ
बेळगावातच अ‍ॅडमिट केलं. सात अधिक तीन म्हणतात ते सुरू झालं, सायटाराबिन सात दिवस रात्रंदिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस. केस जाणार म्हणून तिनं आधीच कापून घेतले. भाऊ म्हणतो ट्रान्सप्लांट लागलं तर माझी मॅरो घ्या, मी नवरा आहे.

निपाणीकर
भावाचं मन मोठं आहे पण नवऱ्याची सहसा जुळत नाही. वहिनीची सख्खी भावंडं बघा, प्रत्येकाची पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. मॅरो जुळते का ते बघायच्या एचएलए टायपिंगला रक्त किंवा गालाच्या आतला स्वॅब लागतो. आठ-एकवीसमध्ये पहिल्या फेरीत सगळ्यांना ट्रान्सप्लांट करत नाहीत, जास्त डोसच्या सायटाराबिनवर भागतं आणि पीसीआर (उरलेला आजार शोधायची टेस्ट) करून बघत राहतात. पण भावंडांचं टायपिंग करून ठेवा. आत्ता भावाला द्यायचंच असेल तर प्लेटलेट द्यायला सांगा, त्या वहिनीलाच चढतील असं नाही पण ब्लडबँकेत जमा होतील. फक्त ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर वहिनीच्या सख्ख्या नात्यातल्यांचं रक्त तिला चढवू नका, डॉक्टरना विचारा आधी.

टिळकवाडी_डोनर
प्लेटलेटसाठी आम्ही आहोत की. एसडीपीला (एकाच माणसाकडून मशीननं काढलेल्या प्लेटलेट) माणूस लागेल तेव्हा आदल्या दिवशी इथं लिहा, ग्रुप पण लिहा. आमचा कॉलेजचा ग्रुप आहे, वडगाव अनगोळपासून पोरं येतात. अ‍ॅस्पिरिन घेतलेला चालत नाही एवढं लक्षात ठेवा.

हुक्केरी_अक्का
पांढऱ्या पेशी खाली गेल्यावर ताप १००.४ च्या वर गेला की रात्रीचे दोन असले तरी नर्सला उठवायचं, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. घरी सुट्टी दिल्यावर तर जास्तच. फुलं, प्रसाद, कच्ची कोशिंबीर, भेटायला येणाऱ्यांची रांग, सगळं बंद. नातेवाईक रागावले तर रागावू देत.

मलप्रभाकाठ
मंडळी, पहिली फेरी पार पडली. मधे खूप ताप आला, आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो. टिळकवाडीची पोरं चार वेळा आली प्लेटलेटला, त्यांचे उपकार कसे फेडू. काल मॅरोचा रिपोर्ट आला, रेमिशन, म्हणजे मॅरोत आजार दिसत नाही. उजव्या बाजूची गाठ हाताला लागत नाही आता, डावीकडची तर आधीच गेली. दोन्ही स्तन जागेवर आहेत, हे मी मुद्दाम लिहितेय कारण ती तारीख आम्ही जवळजवळ गाठली होती. पुढच्या आठवड्यात जास्त डोसचं सायटाराबिन. तिच्या धाकट्या भावाचं टायपिंग दिलंय.

अथणी_वाचक
धागा सगळा वाचला, नवीनच आलोय. माझ्या बहिणीला, वय ३६, गेल्या आठवड्यात ट्रिपल निगेटिव्ह सांगितलंय. रिपोर्टात ईआर पीआर हर-टू तीन निगेटिव्ह एवढंच आहे. घाबरून विचारतोय.

सूक्ष्मदर्शी
घाबरू नका. ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर हा खराच आजार आहे आणि बहिणीला तोच असायची शक्यता खूप जास्त. रिपोर्टात वरती वर्णन बघा, पेशींच्या नळ्या किंवा ग्रंथी दिसल्या किंवा डक्टमधला कॅन्सर शेजारी दिसला असं लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला. तसं काही नसेल आणि नुसतं "पूर्लि डिफरन्शिएटेड" (पेशी कुठल्या ते नीट ओळखू येत नाही) किंवा "गोल पेशी" असं असेल तर डॉक्टरना विचारा सायटोकेरॅटिन लावलंय का. लावलं नसेल तर त्याच ब्लॉकवर लावता येतं, नवीन बायोप्सी लागत नाही, थोडेच दिवस लागतात. सोबत पेरिफेरल स्मिअर करून घ्या. ठरलेली ट्रीटमेंट तुमच्या मनानं थांबवू नका, त्यांच्याशी बोलून करा.

अथणी_वाचक
नुसतं पूर्लि डिफरन्शिएटेड आहे. ब्लॉक लॅबमध्येच आहे, सोमवारी सकाळी जातो.